सायलेन्सरमधला निखारा

टू-स्ट्रोक स्कूटर वापरलेल्या कोणालाही ‘सायलेन्सर चोक होणे’ हा शब्दप्रयोग नवा नाही. पेट्रोलबरोबर मिसळलेले तेल अर्धवट जळे आणि त्याची काजळी सायलेन्सरच्या नळीत थरावर थर साचत जाई. गाडी ओढेनाशी झाली, की मेकॅनिक सायलेन्सर सोडवून घेई आणि तो ‘जाळून’ आणी. हे जाळणे अक्षरशः जाळणेच असे. भट्टीत सायलेन्सर लाल होईपर्यंत तापवायचा, आतला कार्बन जळू द्यायचा, मग हातोडीने ठोकून राख आणि पापुद्रे झटकून टाकायचे. काही जण तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत घालत. उपाय रांगडा असला तरी गुणकारी होता. सायलेन्सर म्हणजे शेवटी पत्र्याचा डबा, त्याला आगीचे काय भय?

२००० सालानंतर आलेल्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या बाबतीत मात्र हाच उपाय घातक होता. डब्यात आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली एक वडी बसवलेली होती आणि तिच्यावर प्लॅटिनमच्या कुळातल्या धातूंचा अतिशय पातळ मुलामा होता. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. भट्टीत घातला, सोड्यात बुडवला किंवा हातोडीने ठोकला, की तो निकामी. गंमत अशी, की गाडी चालू असताना हीच वडी आपण होऊन तापत असे, आणि तिने किती तापावे हा तिच्या निर्मात्यांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता. या लेखात त्या तापण्याचा इतिहास पाहायचा आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादच्या, शिक्षकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. शहराच्या पश्चिमेला पुणे रस्त्यावर वाळूज येथे १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांच्या या कारखान्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची मोठी वसाहत वाढली. पुढे २००१ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याला, स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू झाली. एकाच शहराच्या दोन बाजूंना कन्व्हर्टरच्या इतिहासातले दोन टप्पे जवळजवळ एकाच वेळी उभे होते. पश्चिमेला सायलेन्सरमधली उष्णता कोणत्याही उपकरणाशिवाय आवरावी लागणारी टू-स्ट्रोक गाडी, आणि पूर्वेला इंजिनाच्या श्वासावर संगणकाची नजर असलेली मोटार. या दोन्हींकडे येण्याआधी दोनशे वर्षे मागे जाऊ.

उत्प्रेरक म्हणजे स्वतः कायमचा न बदलता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, ही व्याख्या पाठ्यपुस्तकात असते. व्याख्येत उष्णतेचा उल्लेख नसतो. त्यामुळे उत्प्रेरक म्हणजे काही तरी थंड, अलिप्त, बाजूला उभे राहून मदत करणारे, अशी समजूत होते. इतिहासात मात्र त्याची ओळख झाली ती लाल झालेल्या तारेने. खाणीतल्या सुरक्षा-दिव्यावर काम करणाऱ्या हंफ्री डेव्हीने १८१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात त्याने थोडी तापवलेली प्लॅटिनमची तार धरली. ज्योत पेटली नाही, पण तार लाल झाली आणि वायू संपेपर्यंत लालच राहिली. पॅलेडियमची तारही तशीच वागली. तांबे, चांदी, सोने, लोखंड यांच्या तारा त्याच्या प्रयोगात निवून गेल्या. १८२३ मध्ये येना येथे डोबरायनरने प्लॅटिनमच्या भुग्यावर हायड्रोजनचा झोत सोडला. तो भुगा तर तापवावाही लागला नाही, साध्या तापमानालाच वायू पेटला. या साऱ्या प्रकारांना बर्झेलियसने १८३५ मध्ये नाव दिले, ते ‘कॅटॅलिसिस’.

डेव्हीच्या तारेकडे नीट पाहिले पाहिजे. तारेला सुरुवातीची थोडी उष्णता बाहेरून दिली होती. नंतरची सगळी उष्णता वायूची स्वतःची. ज्वलनशील वायू आणि ऑक्सिजन दोन्ही तारेच्या पृष्ठभागावर येत होते, तिथे त्यांचा संयोग होत होता, आणि त्यातून सुटणारी उष्णता तारेला लाल ठेवत होती. दोहोंपैकी एक जरी थांबला तरी तार निवेल. एवढे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवले, तर पुढची गुंतागुंत सहज उलगडते.

(हा प्रयोग वर्गात तांब्याच्या तारेने आणि ऍसिटोनने करता येतो. काचपात्राच्या तळाशी चमचाभर ऍसिटोन घ्यावे, तारेचे वेटोळे लाल तापवून द्रवाला न टेकता वर टांगावे. ते मंद लाल राहते. इथे डेव्हीपेक्षा वायूही निराळा आणि तापमानही जास्त, म्हणून तांबे चालते. ऍसिटोन फार ज्वालाग्राही आहे. बाटली बंद करून दूर ठेवावी, पात्रावर घालायला झाकण हाताशी असावे, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि प्रयोग शिक्षकानेच करावा.)

मोटारीच्या धुराला डेव्हीची तार लावण्याची कल्पना फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या यूजीन हूड्री या अभियंत्याची. खनिज तेलाचे उत्प्रेरकाच्या मदतीने विघटन करण्याच्या पद्धतीमुळे तो आधीच नावाजला होता. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसवर वारंवार धुरके साचू लागले. धुरक्याचा संबंध मोटारींतून सुटणारे न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूर्यप्रकाश यांच्याशी आहे, हे आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले. हूड्रीने धुराड्यात बसवायचा उत्प्रेरक तयार केला आणि १९५६ मध्ये त्याला पेटंट मिळाले. पण पेट्रोलमध्ये इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी शिशाचे संयुग मिसळलेले असे. ते शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसे आणि काही दिवसांत त्याला निष्प्रभ करी. हूड्रीचा कन्व्हर्टर मग गोदामांतल्या आणि खाणींतल्या गाड्यांपुरता उरला. तो १९६२ मध्ये वारला. रस्त्यावरच्या मोटारींत कन्व्हर्टर आला तो १९७० च्या अमेरिकी कायद्यामुळे, १९७५ सालच्या गाड्यांपासून. त्यासाठी आधी शिसेविरहित पेट्रोल पंपावर आणावे लागले.

या गाड्यांत दोन प्रकारचे कन्व्हर्टर होते. काहींत उत्प्रेरक चढवलेल्या गोळ्या भरलेल्या असत. काहींत चिनी मातीसारख्या पदार्थाची, आरपार शेकडो सरळ छिद्रे असलेली अखंड वडी असे. हा दुसरा प्रकार टिकला. कॉर्निंग कंपनीतल्या बॅग्ली, लॅकमन आणि लुइस या तिघांनी तो घडवला. पदार्थ होता कॉर्डिएराइट. त्याचा मोठा गुण असा, की तो तापल्यावर फार थोडा प्रसरण पावतो. थंडगार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात काहीशे अंश तापणाऱ्या वस्तूला हा गुण नसेल, तर ती गरम चहा ओतलेल्या जाड काचेच्या पेल्यासारखी तडकेल. छिद्रांच्या भिंतींवर सच्छिद्र ॲल्युमिनाचा थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे इतके सूक्ष्म कण विखुरलेले असतात, की दोन-चार ग्रॅम धातूला प्रचंड पृष्ठफळ मिळते.

आता तापमानाचा हिशेब. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली ही वडी झोपलेली असते, धूर जसाच्या तसा निघून जातो. ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान ती नीट काम करते. ९०० च्या वर धोका सुरू होतो. भांड्याच्या झाकणाला धरलेले पाण्याचे बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, तसे धातूचे कण सरकून एकत्र येतात. धातू तेवढाच राहतो, पृष्ठफळ मात्र घटते. हजार-अकराशे अंशांना ॲल्युमिनाची सच्छिद्र रचनाच ढासळते. आणि १४५० अंशांच्या पुढे कॉर्डिएराइट वितळू लागते. छिद्रे बुजतात, धुराला वाट मिळत नाही, इंजिन गुदमरते. ज्या सायलेन्सरला पूर्वी काजळी चोक करीत होती त्याला आता त्याची स्वतःची वितळलेली वडी चोक करते.

एवढे तापण्यासाठी लागणारे इंधन इंजिनच पुरवते. किती पुरवते, ते अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राने काढता येते. एक मोल कार्बन मोनॉक्साइड जळताना २८३ किलोज्यूल उष्णता सुटते. धुरात एक टक्का कार्बन मोनॉक्साइड असेल, तर एक मोल धुरामागे २.८३ किलोज्यूल, म्हणजे २८३० ज्यूल. धुराचा बहुतेक भाग नायट्रोजन, आणि त्या तापमानाला एक मोल धूर एक अंशाने तापवायला साधारण ३२ ज्यूल लागतात. भागाकार करा. उत्तर येते सुमारे ९० अंश. याचा अर्थ धुरातला दर एक टक्का कार्बन मोनॉक्साइड, जळायला पुरेसा ऑक्सिजन असेल तर, धुराचे तापमान जवळजवळ ९० अंशांनी वाढवतो. हायड्रोकार्बनचे गणित आणखी बोलके आहे. ते हेक्झेनच्या मापात मोजतात. एक मोल हेक्झेन जळताना सुमारे ३८५५ किलोज्यूल सुटतात, म्हणून दहा लाखांत हजार भाग, म्हणजे अवघा ०.१ टक्का हेक्झेन, धुराला १२० अंशांनी तापवतो.

हे आकडे घेऊन टू-स्ट्रोक इंजिनाकडे वळू. चार फेऱ्यांच्या इंजिनात धूर बाहेर काढण्यासाठी पिस्टनची एक स्वतंत्र फेरी असते. टू-स्ट्रोकमध्ये ती नसते. ताजे मिश्रण आत शिरता शिरता जळका धूर ढकलून देते, आणि त्या वेळी धुराचे दार उघडेच असते. साहजिकच ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता थेट बाहेर पळतो. हा भाग थोडाथोडका नाही. काही वेळा चौथाई ते तिसरा हिस्सा वाया जातो. म्हणजे सायलेन्सरमध्ये पेट्रोलची वाफ आणि तिला जाळायला लागणारा ऑक्सिजन, दोन्ही एकत्रच येऊन पोचतात. डेव्हीच्या तारेला याहून चांगले जेवण मिळणार नाही, आणि याहून धोक्याचेही.

भारतात दुचाकींच्या धुरावर १९९१ मध्ये पहिल्या मर्यादा आल्या. १९९६ मध्ये त्या कडक होऊन दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड ४.५ ग्रॅम आणि हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅम अशा झाल्या. २००० मध्ये दोन्ही आकडे २ ग्रॅमवर आले. उघडे दार असलेल्या इंजिनाला हे नुसत्या कार्ब्युरेटरच्या जुळणीने साधणे अवघड होते. कन्व्हर्टर बसवणे भाग पडले. पण मोटारीचा कन्व्हर्टर उचलून स्कूटरला लावता येत नव्हता. धुरात ६००० भाग हायड्रोकार्बन धरा आणि ते सगळे जळाले असे माना, तर आपल्या गणिताने तापमानवाढ येते ७२० अंश. इंजिनातून येणाऱ्या धुराची स्वतःची उष्णता त्यात मिळवली, की आकडा हजाराच्या पलीकडे जातो. प्रत्यक्षात पत्र्यातून उष्णता निसटते, ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून इतके होत नाही. पण हे डोक्यावर टांगलेले संकट होते, आणि ज्या सायलेन्सरला चालवणाऱ्याचा किंवा मागे बसणाऱ्याचा पाय सहज टेकतो त्याच्या पोटात होते.

अभियंत्यांनी काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी मुद्दाम कमी काम करणारा कन्व्हर्टर बनवला. वडी लहान ठेवली, म्हणजे सगळा धूर जळणारच नाही, त्याचा काही भागच जळेल. मातीऐवजी उष्णता सोसणाऱ्या पोलादाचा पातळ पत्रा गुंडाळून तिची छिद्रे केली, म्हणजे ती गचक्यांनी फुटणार नाही. कार्ब्युरेटर जरा ‘कोरडा’ लावला आणि सायलेन्सरवर आवरण दिले. पाहणीच्या वेळी वडीत बारीक थर्मोकपल खुपसून तापमान नोंदायचे आणि त्यावरून वडीचा आकार ठरवायचा. एकदा गाडी विकली, की तिच्यात तापमान सांगणारे काहीही नसे. सुरक्षितता आकारातच घडवलेली. वाहनांच्या अशा चाचण्यांचे महाराष्ट्रातले मुख्य ठिकाण म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था.

थर्मोकपलचा उल्लेख आला म्हणून सांगतो. दोन निरनिराळ्या धातूंच्या जोडाला तापवले की विद्युत्‌दाब निर्माण होतो हे झीबेकने १८२१ मध्ये पाहिले. पण उच्च तापमानाला भरवशाचा थर्मोकपल ल शातेलिएने १८८६ च्या सुमारास बनवला. त्याची एक तार प्लॅटिनमची, दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या मिश्रधातूची. कन्व्हर्टरमध्ये आग धरून ठेवणारे आणि भट्टीतली आग मोजणारे धातू तेच! प्रयोगशाळेत कन्व्हर्टरसाठी अर्थात निकेलच्या मिश्रधातूंचा स्वस्त थर्मोकपलच अधिक वापरला जातो.

टू-स्ट्रोकच्या दुखण्यावर मुळातला इलाज वेगळा होता: उघड्या दारातून फक्त हवा जाऊ द्यायची आणि पेट्रोल दार मिटत आल्यावर सिलिंडरमध्ये फवारायचे. बजाजने ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्राने अशी रिक्षा २००७ मध्ये बाजारात आणली. पण तोवर बाजार चार फेऱ्यांच्या इंजिनाकडे वळला होता.

आता मोटारींकडे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच दिवसापासून तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. बाकी देशात ते सगळीकडे मिळत नव्हते. सबंध देशातले पेट्रोल शिसेविरहित झाले १ फेब्रुवारी २००० रोजी. मधली पाच वर्षे मोठी विचित्र होती. मुंबईत घेतलेली नवी मोटार सुटीत वेरूळ-अजिंठ्याला निघाली, तर परतीच्या पेट्रोलची चिंता आलीच. शिशाचे पेट्रोल भरले, की हूड्रीच्या कन्व्हर्टरचे जे झाले तेच तिच्या कन्व्हर्टरचे होणार.

शिशाने मेलेला आणि उष्णतेने मेलेला कन्व्हर्टर यांत एक फरक आहे. पहिला थंड राहतो. त्याच्यावर काही जळतच नाही, म्हणून बाहेर पडणारा धूर आत येणाऱ्या धुराइतका किंवा त्याहून कमी तापलेला असतो. दुसरा मरण्याआधी भडकलेला असतो. म्हणूनच जुन्या जाणत्या मेकॅनिकांची एक कसोटी होती. गाडी नीट तापल्यावर कन्व्हर्टरच्या तोंडाशी आणि शेपटाशी तापमान पाहायचे. शेपूट जास्त गरम असेल तर कन्व्हर्टर जिवंत.

मोटारीतला कन्व्हर्टर भडकण्याची भीती पहिल्यापासून होती. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांबरोबरच वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, असे इशारे आले. दिवाळीनंतरचे मराठवाड्यातले माळरान डोळ्यांपुढे आणले, तर त्या इशाऱ्याचे मोल कळेल. जपानमधल्या गाड्यांत तर १९७० च्या दशकापासून वीसेक वर्षे डॅशबोर्डवर एक खास दिवा असे. कन्व्हर्टरजवळच्या संवेदकाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उष्णता लागली, की तो पेटे. आज तो दिवा दिसत नाही. मग आता कन्व्हर्टरच्या तापमानावर लक्ष कोण ठेवते?

उत्तर शेंद्र्याच्या मोटारीत आहे. १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठी ऑक्सिजन-संवेदक असलेली गाडी आणली. हा संवेदक धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही ते सांगतो, आणि त्यावरून पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी बदलता येते. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले, तरच कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिघांचा एकाच वेळी निकाल लावू शकतो. ऑक्टाव्हियाचे पेट्रोल इंजिन या पद्धतीचे. पुढे कन्व्हर्टरच्या मागेही एक संवेदक बसवण्यात आला. भारतात गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करण्याची ही सोय २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. २०२० च्या बीएस-६ नियमांनी तिचा पहिला टप्पा दुचाकींपर्यंत पोचवला.

या यंत्रणेत बहुधा थर्मामीटर नसतोच. कन्व्हर्टर किती तापला असेल, याचा अंदाज संगणक बांधतो: इंजिनाचे फेरे, आत जाणारी हवा, पेट्रोल यांवरून. आणि सर्वांत मोठा धोका तो उष्णतेतून ओळखत नाही, तर लयीतून ओळखतो. एका सिलिंडरचा प्लग पेटला नाही, आपल्याकडच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारू’ लागली, की त्या क्षणी क्रँकशाफ्टचा वेग किंचित मंदावतो. ते मंदावणे संगणक मोजतो. न पेटलेल्या सिलिंडरातले पेट्रोल आणि हवा दोन्ही कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटणार, हे त्याला ठाऊक असते. नुकसान होण्याइतके मिसिंग असेल, तर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता लागत नाही, लुकलुकतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ, वेग कमी करा, जमेल तितक्या लवकर थांबा. फार थोड्या चालकांना हा फरक ठाऊक असतो.

इथे एक कोडे विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. घाटात किंवा भरधाव वेगात कन्व्हर्टर फार तापू लागला, तर पुष्कळ गाड्यांचा संगणक इंजिनात नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो, आणि कन्व्हर्टर थंड होतो! मग न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरला तापवते की निववते? डेव्हीच्या तारेकडे परत जा. प्लग पेटला नाही, तर पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात. प्लग पेटला पण पेट्रोल जास्त झाले, तर सगळा ऑक्सिजन सिलिंडरातच संपतो. जास्तीच्या पेट्रोलला बाहेर जोडीदार मिळत नाही. त्याची वाफ होताना उष्णता मात्र खर्ची पडते. किंमत म्हणून धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो. उष्णतेपासून यंत्र वाचवायचे आणि हवा बिघडवायची, असा हा सौदा आहे, आणि तो गाडीच्या आत कोणाला न विचारता होत असतो.

गॅरेजमधल्या काही जुन्या सवयी या दृष्टीने तपासून पाहण्यासारख्या आहेत. कोणता सिलिंडर मेला आहे हे शोधायला चालू इंजिनाच्या एकेका प्लगची वायर काढून पाहायची, ही खरी हुशारीची पद्धत. पण वायर काढली तितका वेळ आपण कन्व्हर्टरला ताजे मिश्रण पाजत असतो. बॅटरी उतरली की गाडीला धक्का मारायचा, हेही तसेच. इंजिन न पेटता फिरते, पेट्रोल पुढे साठते आणि मग एकदम पेटते. अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकांत धक्का मारू नका असे लिहिलेले असते ते याचसाठी. बुलेटच्या सायलेन्सरमधून ‘फटाके’ वाजवणाऱ्या तरुणांचेही रसायनशास्त्र हेच. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली, की सायलेन्सरमध्ये साठलेले मिश्रण पेटते. पोलीस जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवतात. त्यांतल्या बहुतेकांत कन्व्हर्टर नसतोच, तो आवाजासाठी आधीच काढून टाकलेला असतो.

भेसळीचा विषय याहून गंभीर आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले रॉकेल नीट वाफाळत नाही, अर्धवट जळते, आणि उरलेले कन्व्हर्टरच्या वाट्याला येते. तो तापतो किंवा काजळीने बुजतो. वाहनमालकाला दिसते ती फक्त गाडीची ओढ कमी झालेली. या भेसळीमागे केवढा पैसा होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी सबंध महाराष्ट्राला कळले. मनमाडजवळ भेसळीच्या अड्ड्यावर कारवाईला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या दिवशी जिवंत जाळण्यात आले. धूर स्वच्छ करण्याच्या इतिहासात या नावाची नोंद कुठल्याही अभियंत्याच्या नावाइतकीच आवश्यक आहे, असे मला वाटते.

गेल्या काही वर्षांत कन्व्हर्टरची जागाही सरकली आहे. पूर्वी तो गाडीच्या पोटाखाली असे आणि तापायला वेळ घेई. तोवरचा सगळा धूर फुकट जाई. बीएस-६ काळातल्या गाड्यांत तो इंजिनाच्या अगदी लगत आला आहे. लवकर जागा होतो, पण भट्टीच्या दारातच बसलेला असल्यामुळे त्याला उष्णताही जास्त सोसावी लागते. वाळल्या गवताचा धोका त्याने कमी झाला असला, तरी संगणकाचे काम वाढले आहे.

वर्गासाठी शेवटी एक साधन सुचवतो. विद्यार्थ्यांना घरच्या वाहनांच्या पीयूसी प्रमाणपत्रांवरचे आकडे उतरवून आणायला सांगावे. कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन दहा लाखांतल्या भागांत दिलेले असते. दर टक्क्याला ९० आणि दर हजार भागांना १२० अंश या हिशेबाने प्रत्येक गाडीच्या धुरात अजून किती अंश तापवण्याइतकी उष्णता उरली आहे ते काढता येईल. बीएस-४ मोटारीला निष्क्रिय वेगात परवानगी आहे ०.३ टक्के आणि २०० भागांची, म्हणजे सुमारे ५० अंशांची. २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला ४.५ टक्के आणि ९००० भागांपर्यंत मुभा होती. तिचे उत्तर मुलांनाच काढू द्यावे, आणि ते प्रत्यक्षात का येत नाही, ऑक्सिजन कुठून आणणार, हेही विचारावे. मात्र हे मोजमाप सायलेन्सरच्या टोकाशी होते हे विसरू नये. ज्या गाडीत कन्व्हर्टर आहे तिच्या प्रमाणपत्रावर त्याच्या हातून सुटलेला भाग दिसतो. त्याने किती जाळले ते कळत नाही. त्यासाठी पुन्हा त्याचे तोंड आणि शेपूट यांचे तापमान पाहावे लागेल, आणि तीही कसोटी आता पूर्वीसारखी चालत नाही. नव्या इंजिनात न जळलेले इतके थोडे उरते, की चांगल्या कन्व्हर्टरच्या दोन टोकांत कधी कधी हाताला लागेल असा फरकच सापडत नाही.